‘चांगल्या डिस्ट्रिक्ट’ची किंमत

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या मध्यभागात ‘प्रिन्सटन’ असा टपाल पत्ता असलेली कित्येक घरे प्रिन्सटन गावात नाहीत. काही साउथ ब्रन्सविकमध्ये आहेत, काही प्लेन्सबरोत, काही वेस्ट विंडसरमध्ये, तर काही लॉरेन्स किंवा माँटगोमेरीत. पत्त्यावरचे गाव टपाल खात्याने आपल्या सोयीने ठरवलेले असते. मूल कोणत्या शाळेत जाणार हे मात्र घर कोणत्या टाउनशिपच्या हद्दीत येते आणि ती टाउनशिप कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या कोणत्या स्थानिक विभागात, मोडते यावर ठरते. त्यामुळे एकाच झिप कोडमधल्या, साधारण एकाच काळात बांधलेल्या, तेवढ्याच खोल्यांच्या दोन घरांच्या किमतीत डोळ्यांत भरेल एवढी तफावत असू शकते, आणि घर पाहायला आलेल्या कोणालाही तिचे कारण विचारावे लागत नाही. कारण शाळा हेच असते.

या राज्यात ५६४ नगरपालिका आणि जवळपास ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. क्षेत्रफळाने राज्य आपल्या पुणे आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या बेरजेहूनही लहान आहे. एवढ्याशा भूभागावर प्रत्येक डिस्ट्रिक्टचे वेगळे बोर्ड (शिक्षण मंडळ), वेगळा सुपरिंटेंडेंट (शाळांचा प्रमुख अधिकारी), वेगळे अंदाजपत्रक आणि ते भरून काढण्यासाठी घरमालकांकडून वसूल होणारा वेगळा कर अशी रचना आहे. एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत रूट १ आणि रूट २७ यांच्या आजूबाजूला मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्यांच्यात एकच प्रश्न फिरू लागतो: आपल्या ऐपतीत साउथ ब्रन्सविकमध्ये चार बेडरूमचे स्वतंत्र घर बसते, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या दोन गावांच्या सामाईक डिस्ट्रिक्टमध्ये तेवढ्याच पैशांत टाउनहाउसवर (भिंतीला भिंत लागून असलेल्या घरावर) भागवावे लागते, तर काय करावे? दोन्ही डिस्ट्रिक्ट एकमेकांना लागून आहेत. दोन्हींतून मुले उत्तम महाविद्यालयांत जातात. तरीही बहुतेक कुटुंबांचा कल वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोकडे झुकतो. त्या कलामागचा हिशेब मला तपासून पाहायचा आहे, कारण तो मला सदोष वाटतो.

माझे म्हणणे असे आहे की शेजारच्या दोन बऱ्या डिस्ट्रिक्टमधला जो फरक आकड्यांत दिसतो, तो बहुतांशी पालकांच्या परिस्थितीतला फरक असतो, शिकवण्यातला नसतो. त्याच्यासाठी कुटुंबाने आपली आर्थिक आणि मानसिक उसंत पणाला लावू नये. आणि त्या फरकाला आपण देत असलेली किंमत ही केवळ आपली खासगी बाब राहत नाही, तिच्यामुळे राज्यातील शाळांची वाटणी वर्षानुवर्षे घट्ट होत जाते.

आधी आकड्यांचे पाहू. घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर प्रत्येक घराखाली जवळच्या शाळांचे १ ते १० या मापावरचे रेटिंग दिसते. बहुतेक ठिकाणी ते ग्रेटस्कूल्स या संस्थेचे असते. सुरुवातीला ते प्रामुख्याने राज्य परीक्षांतील गुणांवर उभे होते. अलीकडे विद्यार्थ्यांची वर्षागणिक प्रगती आणि वेगवेगळ्या विद्यार्थिगटांतील दरी यांनाही त्यात स्थान मिळाले आहे. पण घर शोधणारा माणूस त्या तपशिलात शिरत नाही. त्याला एका घराखाली ९ दिसतो, दुसऱ्याखाली ७ दिसतो, आणि दहावी-बारावीच्या टक्केवारीवर वाढलेल्या आपल्या पिढीला त्या दोन आकड्यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. तिथेच गफलत होते. दहावीचे गुण एका विद्यार्थ्याचे असतात. शाळेचे रेटिंग तिथे शिकणाऱ्या सगळ्या घरांची सरासरी असते.

१९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सरकारसाठी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. मुलांच्या गुणांमधील फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा त्यांच्या घरच्या पार्श्वभूमीशी कितीतरी अधिक जोडलेला असतो, हा तिचा निष्कर्ष तेव्हा अनेकांना धक्कादायक वाटला होता. पुढच्या संशोधनाने त्यात भर घातली, शिक्षकाचा प्रभाव वेगळा काढून दाखवला, परंतु मूळ निरीक्षण टिकून राहिले. प्लेन्सबरोतल्या एखाद्या तिसरीच्या वर्गाचा विचार करा. आई-वडील दोघेही पदव्युत्तर शिकलेले, औषधनिर्मितीच्या किंवा सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला; मूल संध्याकाळी गणिताच्या क्लासला जाते, शनिवारी बुद्धिबळाला, रविवारी मराठी शाळेला; घरी पुस्तके आहेत आणि रात्री शेजारी बसून गृहपाठ पाहणारे कोणीतरी आहे. अशा वीस मुलांनी परीक्षेत मिळवलेले गुण शाळेच्या नावावर जमा होतात. त्या गुणांत शिक्षिकेचा वाटा किती आणि घराचा किती, हे रेटिंगचा आकडा सांगत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी देशभरातील सुमारे ११,००० डिस्ट्रिक्टच्या परीक्षांची आकडेवारी एका मापावर आणून हे दोन प्रश्न वेगळे केले: मुले सरासरी कुठे उभी आहेत, आणि एका वर्षात ती किती पुढे सरकतात. या दोहोंचा परस्परसंबंध त्यांना फारच क्षीण आढळला. शिकागोच्या सार्वजनिक शाळांचे उदाहरण बोलके आहे. तिथली सरासरी कमी, गरिबी मोठी; पण २००९ ते २०१४ या काळात तिथली मुले तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतके शिकली. श्रीमंत उपनगरांतल्या कित्येक नावाजलेल्या डिस्ट्रिक्टना असा वेग साधलेला नाही. न्यू जर्सीतही राज्याचा शिक्षण विभाग दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल प्रसिद्ध करतो, आणि त्यात ‘स्टुडंट ग्रोथ’ नावाचा एक भाग असतो. ज्यांचे मागचे गुण सारखे होते अशा राज्यभरातल्या मुलांशी तुलना करून या शाळेतले मूल वर्षभरात किती पुढे गेले, हे तिथे शतमानात दिलेले असते आणि ५० हा राज्याचा मध्य असतो. घर घेण्यापूर्वी ज्या दोन-तीन प्राथमिक आणि माध्यमिक शाळांचा विचार चालला आहे, त्यांची ही पाने शेजारी-शेजारी ठेवून अर्धा तास वाचावीत, एवढेच मी सांगेन. रेटिंगमध्ये खाली असलेली शाळा इथे वर दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

आपण पैसे मात्र सरासरीलाच मोजतो. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांतली घरे तपासली. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, पण दोन प्राथमिक शाळांच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना असलेली घरे त्यांनी निवडली, म्हणजे कर, पोलीस, रस्ते, बाग हे सगळे सारखेच राहावे. परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी अधिक असले की पालक घराला सुमारे २.५ टक्के अधिक किंमत देतात, असे त्यांना दिसले. हाच प्रकार एडिसनमध्ये उघड दिसतो. तिथे एकाच डिस्ट्रिक्टमध्ये जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हाय अशी दोन हायस्कुले आहेत, आणि ओक ट्री रोडच्या बाजूचे घर घेणाऱ्या देशी कुटुंबाला आपण कोणत्या हायस्कूलसाठी जास्तीची रक्कम मोजतो आहोत हे पक्के ठाऊक असते. फरक रेषेचा असतो. बोर्ड तेच, अंदाजपत्रक तेच, शिक्षकांचा करारही तोच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. शाळेने फार काही वेगळे केले नाही तरी हुशार मुलांच्या संगतीत मूल वर खेचले जाते. ती संगत आम्ही विकत घेतो, असे पालक म्हणतात. संगतीचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु अटीतटीच्या प्रवेशपरीक्षा असलेल्या बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधील नामांकित सरकारी हायस्कुलांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याकडे लक्ष द्यायला हवे. प्रवेश थोडक्यात मिळालेली मुले आणि थोडक्यात हुकलेली मुले यांची त्यात तुलना होती. दोन्ही गट कुवतीने जवळपास सारखे. फरक एवढाच की एक गट अत्यंत निवडक सहाध्यायांमध्ये शिकला आणि दुसरा साध्या शाळेत. पुढच्या परीक्षांतील गुणांत संशोधकांना या दोन गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. न्यूयॉर्कमधली स्टाइव्हसंट आणि ब्राँक्स सायन्स या शाळा त्या अभ्यासात होत्या. तिथे संगतीचा असा परिणाम दिसत नसेल, तर साउथ ब्रन्सविक आणि प्लेन्सबरो यांच्यातील अंतराने तो दिसेल असे मानण्याला फारसा आधार उरत नाही.

संगतीची दुसरी बाजूही आहे. स्वतःविषयीचे मुलाचे मत वर्गातल्या इतरांकडे पाहून बनते. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून अनेक देशांत दाखवून दिले आहे की सारख्याच कुवतीचे मूल अतिशय हुशार वर्गात बसले की ‘मला हे जमते’ हा त्याचा विश्वास कमी होतो. गणितात बऱ्यापैकी असलेली, पण पहिल्या दहांत नसलेली मुलगी सातवीत ‘मी गणिताची नाही’ असे ठरवून मोकळी होते, तेव्हा तिच्या आई-वडिलांनी मोजलेल्या जास्तीच्या किमतीचे नेमके काय झाले, याचा विचार व्हायला हवा.

या बाबतीत वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचा इतिहास मराठी पालकांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे. २०१५ च्या शरद ऋतूत तिथले तत्कालीन सुपरिंटेंडेंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिले. त्याआधीच्या शैक्षणिक वर्षात डिस्ट्रिक्टमधील माध्यमिक आणि हायस्कूलच्या १२० विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावे लागले होते आणि ४० विद्यार्थ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. अ‍ॅडरहोल्ड यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त ठरवल्या, चौथी-पाचवीतला वेगवान गणिताचा वर्ग बंद करण्याचे ठरवले, आणि ज्या मुलांना वाद्य नीट वाजवता येत नाही त्यांनाही वाद्यवृंदात सहज शिरता यावे म्हणून ‘बेसूर वाजवण्याचा हक्क’ जाहीर केला. त्या वेळी डिस्ट्रिक्टमधील सुमारे ६५ टक्के विद्यार्थी आशियाई वंशाचे होते. पालकांमध्ये सरळ दोन तट पडले. गोऱ्या पालकांपैकी पुष्कळांनी सुपरिंटेंडेंटचे स्वागत केले. आशियाई पालकांपैकी पुष्कळांना शिक्षणाचा दर्जा खाली आणला जातो आहे असे वाटले.

आपल्या लोकांची त्या वेळची भीती मला समजते. ज्यांच्या पाठीशी या देशात ओळखीपाळखी नाहीत, वडिलोपार्जित घर नाही, ज्यांच्यापैकी कित्येकांची ग्रीन कार्डाची रांग देशागणिक ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे दशकांत मोजली जाते, त्यांना परीक्षा हाच एक दरवाजा माहीत असतो, आणि तो कोणी अरुंद करू लागले की जिवाची घालमेल होणारच. वेगवान गणिताचा वर्ग सरसकट काढून टाकणे हा उपाय मलाही पटत नाही. ज्या मुलाला गणिताची भूक आहे त्याला ते मिळालेच पाहिजे. पण रुग्णालयात गेलेली ४० मुले ही त्याच ‘चांगल्या डिस्ट्रिक्ट’ची मुले होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनी त्या हद्दीत घर मिळावे म्हणून आटापिटा केला असणार. डिस्ट्रिक्टचे नाव पालकांना एक गोष्ट देते आणि मुलांकडून दुसरी गोष्ट मागते. घर पाहताना ही दुसरी बाजू कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते.

आता पैशांचा भाग. न्यू जर्सीत निवासी मालमत्तेवरचा सरासरी वार्षिक कर २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेला, आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम शाळांकडे जाते. महागड्या डिस्ट्रिक्टमध्ये हा आकडा सरासरीच्या कितीतरी पुढे असतो. मॉर्गेज, म्हणजे घराचे कर्ज, निदान एक दिवस संपते; कर संपत नाही, आणि मुले शिकून बाहेर पडल्यानंतरही तो चालूच राहतो. महाराष्ट्रात चांगल्या खासगी शाळेसाठी आपण फी भरतो आणि ती पावतीवर दिसते. इथे ती घराच्या किमतीत आणि करात मुरलेली असल्यामुळे दिसत नाही, म्हणून ‘इथले शिक्षण फुकट आहे’ असे आपण सहज बोलून जातो. वरच्या डिस्ट्रिक्टसाठी कुवतीच्या टोकापर्यंत ताणलेले कर्ज घेतले की दोघांपैकी एकालाही नोकरी सोडता येत नाही, बदलता येत नाही, आई-वडिलांच्या आजारपणात महिनाभर भारतात जाऊन राहता येत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या घरात नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला ६० दिवस मिळतात. अशा वेळी हाताशी असलेले सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे मुलाच्या शिक्षणासाठी रेटिंगमधल्या दोन अंकांपेक्षा अधिक मोलाचे असतात, कारण त्या पैशांमुळेच त्याची शाळा ऐन वर्षात सुटण्याचे टळते.

शिवाय विकत घेतो तो भूतकाळ. बालवाडीतले मूल बारावी पार करीपर्यंत १३ वर्षे जातात. तेवढ्या काळात सुपरिंटेंडेंट बदलतात, वसाहती उभ्या राहिल्या की शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या जातात, आणि पैशांची गणितेही बदलतात. २०१० च्या कायद्याने डिस्ट्रिक्टना करवसुलीत साधारण २ टक्क्यांहून अधिक वार्षिक वाढ करता येत नाही. शिक्षकांचा आरोग्यविमा आणि बसवाहतूक यांचा खर्च त्याहून वेगाने वाढला की शिक्षकांच्या जागा, ग्रंथपाल, संगीत आणि भाषांचे वर्ग यांच्यावर कात्री चालते. २०१८ च्या कायद्याने राज्याच्या अनुदानाची फेरवाटणी सुरू झाली आणि अनेक उपनगरी डिस्ट्रिक्टना वर्षानुवर्षे कमी-कमी रक्कम मिळत गेली. म्हणून मागच्या वर्षीच्या परीक्षेच्या गुणांपेक्षा बोर्डाच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या अंदाजपत्रकी सभा पाहणे जास्त उपयोगाचे आहे. त्यांची चित्रफीत बहुतेक डिस्ट्रिक्ट आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. वर्गात किती मुले आहेत, कोणती पदे रिकामी ठेवली, पालक कशाची तक्रार करतात आणि बोर्ड त्यांना कोणत्या सुरात उत्तर देते, हे त्यातून कळते. आणि तो सूर पुढची १३ वर्षे आपल्याला ऐकायचा असतो.

फरक कधी खरोखर महत्त्वाचा ठरतो, हेही सांगायला हवे. मूल स्वमग्न असेल, त्याला वाचनाची अडचण असेल, वाचा-उपचार लागत असतील, तर शेजारच्या दोन डिस्ट्रिक्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. कायदा दोन्हीकडे तोच आहे, पण मुलाची गरज मान्य करून वेळेवर सेवा देणारा डिस्ट्रिक्ट आणि प्रत्येक तासासाठी पालकांना वकिलाकडे जायला लावणारा डिस्ट्रिक्ट यांत मुलाची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. अशा कुटुंबाने रेटिंग बाजूला ठेवून त्याच गावातल्या तशाच मुलांच्या पालकांशी बोलावे, आणि हवे तर जास्त पैसे मोजावेत. तो खर्च सार्थकी लागतो. काउंटीचाही (राज्यातल्या जिल्ह्याचाही) एक मुद्दा आहे, जो बाहेरून आलेल्यांना उशिरा कळतो. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आहे आणि प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत. डिस्ट्रिक्ट एकच असूनही एडिसनमधल्या मिडलसेक्स काउंटीच्या विज्ञान-गणित अकादमीला प्लेन्सबरोतले मूल अर्ज करू शकते, वेस्ट विंडसरमधले करू शकत नाही. साउथ ब्रन्सविकमधले मूलही करू शकते.

आतापर्यंत मी कुटुंबाच्या हिताबद्दल बोललो. या प्रश्नाची सार्वजनिक बाजू मला अधिक टोचते.

डिस्ट्रिक्टच्या सीमा आभाळातून पडलेल्या नाहीत. न्यायालयांनी आणि कायदेमंडळांनी त्या वेळोवेळी जपल्या आहेत. १९७३ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की शिक्षण हा संघीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि मालमत्ता करावर शाळा चालवल्याने येणारी विषमता त्या घटनेचा भंग करत नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा ५ विरुद्ध ४ मतांनी, शहराच्या शाळांतील वांशिक विलगीकरण दूर करण्याच्या योजनेत आजूबाजूच्या ५३ उपनगरी डिस्ट्रिक्टना सामील करून घेण्यास न्यायालयाने नकार दिला. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी त्या निकालाला कळकळीने विरोध केला होता. निकालाचा व्यावहारिक अर्थ सगळ्यांना उमगला: शहराची हद्द ओलांडून उपनगरात घर घेतले की आपल्या मुलांच्या शाळेला शहराच्या प्रश्नांशी काही देणेघेणे राहत नाही.

न्यू जर्सीने त्यातल्या त्यात वेगळी वाट धरली. राज्याच्या घटनेत १८७५ पासून ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ मोफत शाळांची हमी आहे. तिच्या आधारे १९७३ च्या रॉबिन्सन खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अर्थपुरवठ्याची तेव्हाची पद्धत घटनाबाह्य ठरवली. कायदेमंडळ पैसे उभे करीना, तेव्हा १९७६ च्या उन्हाळ्यात न्यायालयाने शाळाच बंद ठेवल्या, आणि त्यातून राज्याचा प्राप्तिकर जन्माला आला. पुढे अ‍ॅबट खटल्यांच्या मालिकेत गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसे द्यावेत आणि तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दर्जेदार बालवाड्या चालवाव्यात, असे आदेश निघाले. आपण भरतो त्या प्राप्तिकरामागे हा इतिहास आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. परंतु पैशांची वाटणी सुधारली तरी मुलांची वाटणी तशीच राहिली. २०१८ मध्ये नागरी हक्क संघटनांनी आणि काही कुटुंबांनी राज्याविरुद्ध खटला भरला. घर असेल त्याच गावात शिकण्याच्या सक्तीमुळे शाळा वंशानुसार विभागल्या गेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी हे विलगीकरण अस्तित्वात असल्याचे मान्य केले, मात्र संपूर्ण व्यवस्था घटनाबाह्य ठरवली नाही.

या सक्तीची धार कोणाला लागते, ते ओहायोत २०११ मध्ये दिसले. अ‍ॅक्रन शहरात राहणाऱ्या केली विल्यम्स-बोलर या कृष्णवर्णीय आईने आपल्या वडिलांचा पत्ता देऊन दोन मुलींना शेजारच्या उपनगरी डिस्ट्रिक्टमध्ये घातले, म्हणून तिला दोषी ठरवून काही दिवस तुरुंगात ठेवले गेले. गव्हर्नर जॉन केसिक यांनी नंतर तिच्यावरील गुन्ह्यांची तीव्रता कमी केली. तिला हवे होते तेच आपल्याला हवे असते. आपण ते मॉर्गेजने मिळवतो. चार्ल्स टीबू या अर्थतज्ज्ञांनी १९५६ मध्ये मांडले होते की माणसे आपल्याला हव्या त्या सार्वजनिक सेवा देणारे गाव निवडून तिथे राहायला जातात आणि त्यातून गावांमध्ये निकोप स्पर्धा होते. ती मांडणी ज्यांना हवे तिथे जाता येते त्यांच्यापुरती खरी आहे.

आणि जाता येईल की नाही हे गावाचे जमीनवापराचे नियम ठरवतात. मोठ्या प्लॉटवर एकच घर बांधण्याची सक्ती केली की कमी उत्पन्नाची कुटुंबे आपोआप बाहेर राहतात. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ आणि १९८३ मध्ये माउंट लॉरेल खटल्यांत ही युक्ती बेकायदा ठरवली आणि प्रत्येक गावावर परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलण्याची जबाबदारी टाकली. २०१८ मध्ये मर्सर काउंटीच्या न्यायालयाने वेस्ट विंडसरचा वाटा १,५०० आणि प्रिन्सटनचा ७५३ घरांचा ठरवला. २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि त्यानुसार २०२५ ते २०३५ या काळासाठी गावांचे वाटे ठरवण्याची प्रक्रिया सुरू झाली. अशा घरांचे नकाशे गावाच्या प्लॅनिंग बोर्डासमोर येतात तेव्हा मायक्रोफोनसमोर रांग लागते. प्रत्येकाला ठरावीक मिनिटे मिळतात, आणि बहुतेक भाषणांत तीच वाक्ये येतात: वाहतूक वाढेल, शाळा भरून वाहतील, आम्ही या शाळांसाठीच इथे आलो. या रांगेत आपली माणसेही असतात. त्यांचे बोलणे मला फार लागते, कारण शिक्षणाने मिळणाऱ्या संधीच्या बळावर इथवर आलेल्या माणसाने ती संधी दुसऱ्याच्या मुलाला आपल्या गावात मिळू नये म्हणून अर्ध्या रात्रीपर्यंत थांबावे, हे मला न्याय्य वाटत नाही. घरासाठी जास्त पैसे मोजले की माणसाला त्या किमतीची राखण करावीशी वाटते, हे मी समजू शकतो. म्हणूनच माझा रोख मुळावर आहे: रेटिंगला जेवढी किंमत आपण मोजू तेवढी भिंत उंच ठेवण्यात आपले हित गुंतत जाईल.

एकट्या कुटुंबाने हे कसे बदलावे आणि आपल्या मुलावर प्रयोग का करावा, असे कोणी विचारेल. मुलाला वाईट शाळेत घाला असे मी म्हणत नाही. साउथ ब्रन्सविक, एडिसन, ईस्ट ब्रन्सविक, हिल्सबरो, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो यांतला कोणताही डिस्ट्रिक्ट निवडला तरी सामान्य कुवतीच्या, घरचा आधार असलेल्या मुलाचे काही अडणार नाही. ऑफिसला जायला पाऊण तास कमी लागतो का, आजी-आजोबा सहा महिने येऊन राहतील तेव्हा त्यांना चालत जाता येईल असे काही जवळ आहे का, हप्ता एका पगारात भागतो का, या निकषांवर इथे निवड करणे शहाणपणाचे आहे. आणि घर कुठेही घेतले तरी बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या सभेत बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. न्यू जर्सीच्या कायद्याने प्रत्येक जाहीर सभेत लोकांच्या म्हणण्यासाठी वेळ राखून ठेवलेला आहे.

त्या वेळेत मांडण्याजोगी एक नेमकी मागणीही आहे. एका डिस्ट्रिक्टने दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांना आपल्या रिकाम्या जागांवर घ्यावे आणि त्यासाठीचे पैसे राज्याने द्यावेत, अशी योजना न्यू जर्सीत १९९९ च्या कायद्याने प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २०१० मध्ये कायम झाली. तिच्यात सहभागी व्हायचे की नाही हे प्रत्येक बोर्ड स्वतः ठरवते, आणि राज्याने निधीला घातलेल्या मर्यादेमुळे तिची व्याप्ती फार लहान राहिली आहे. ट्रेंटन आणि न्यू ब्रन्सविक या शहरांपैकी एक तरी आपल्या या उपनगरांपासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये ज्या इयत्तांची पटसंख्या घटते आहे तिथे या शहरांतल्या मुलांसाठी जागा द्याव्यात, आणि ही मर्यादा उठवावी म्हणून बोर्डाने ठराव करून तो आपल्या आमदारांकडे पाठवावा, असे सांगायला मराठी पालकांपैकी दहा जण जरी एका सभेला गेले, तरी बोर्डाला त्यावर उत्तर द्यावे लागेल.